आकडा माहेरी गेला आहे

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला बीएचके येतो. टू की थ्री? कोणता सेक्टर? सत्ताविसाव्या मेनपासून किती लांब? बाल्कनीतून अगरा तलाव दिसतो की समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे? खोल्यांच्या संख्येवरून माणसाचा पगार, लग्नाच्या बाजारातला भाव आणि त्याचं स्टार्टअप तगलं की बुडालं, सगळं ताडता येतं. याला हसायचं कारण नाही. खोल्या मोजून माणसाचं भविष्य सांगायची पद्धत शंभर वर्षं जुनी आहे आणि ती आपल्या मुंबईत सरकारी कागदावर उतरलेली आहे.

१९२१ साली मुंबईत वर्षाच्या आत दगावलेल्या बाळांची मोजदाद घरातल्या खोल्यांप्रमाणे झाली. एका खोलीत किंवा त्याहूनही कमी जागेत राहणाऱ्यांमध्ये नोंदलेल्या हजार जन्मांमागे ८२८ मृत्यू. दोन खोल्या असतील तर ३२२. तीन असतील तर १९१. चार किंवा जास्त असतील तर १३३. म्हणजे बाळाला ताप आहे का, खोकला आहे का, हे विचारण्याआधी डॉक्टरनं नुसतं ‘वन आरके का?’ असं विचारलं असतं तरी निम्मं निदान झालं असतं. त्या वर्षी अख्ख्या शहराचा आकडा होता हजारामागे ६६७.

एवढा मोठा आकडा पाहून कुणीही हादरेल. सरकारी माणूस मात्र खुलासा करतो. खुलासा असा होता की गिरणीतल्या बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर आपल्या गावी जातात. जन्माची नोंद मुंबईत होत नाही. मग त्या तान्ह्या मुलाला घेऊन खोलीवर परत येतात आणि मूल गेलं तर ते मुंबईच्या खाती पडतं. भागाकारात खालचा आकडा लहान, वरचा मोठा, म्हणून दर फुगतो. खुलाशात तथ्य होतं. पण एका खोलीतला आणि चार खोल्यांतला सगळाच्या सगळा फरक काही कोकणच्या बोटीत बसवून रवाना करता येत नाही.

त्याच सुमारास, १९२२मध्ये, डॉक्टर बार्न्स नावाच्या बाईंनी मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. आया कामावर जाताना तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवतात, हे त्यात लिहिलेलं आहे. थोड्याथोडक्या नव्हे, जवळजवळ सगळ्याच. अहवाल वाचून सभ्य लोकांना आयांच्या अडाणीपणाचं फार वाईट वाटलं असणार. दिवसभर मूल सांभाळणार कोण, हा प्रश्न त्या मानानं उशिरा पडला. १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले आणि १९२९मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. देशातला त्या प्रकारचा पहिला.

आता आपल्या लेआउटचा आकडा काढू.

तर आपल्या लेआउटला आकडा नाही. इथं हवेतले धूलिकण मोजतात. झोप मोजतात, तीही अंगठीनं. पावलं, प्रथिनं, ट्रॅफिक, टँकरच्या पाण्याचा क्षार, चौरस फुटाचा भाव, पिकलबॉलच्या टक्टकचे डेसिबल, सगळं मोजून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं जातं. ओल्या कचऱ्याचं खत कसं करावं हे शिकवणारं केंद्रसुद्धा आहे, आणि चांगलं आहे. मात्र या सात सेक्टरांत राहणाऱ्या किती बाळांचा पहिला वाढदिवस झालाच नाही, असं विचारलं तर ग्रुपवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही.

‘आमच्याकडे कुठली बाळं जातात?’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, ‘आमच्याकडे’ नाही जात. आमच्याकडे पाचव्या महिन्यात योग, सातव्यात फोटोशूट, आठव्यात पुण्याहून डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आई येते आणि ती परतायच्या आधी नागपूरहून सासूबाई येतात. हॉस्पिटलात नवजात अतिदक्षता विभाग कितव्या दर्जाचा आहे, हे जावई प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी वाचून काढतो. अशा घरातलं मूल जगतं. जगायलाच हवं.

पण एचएसआरमध्ये राहतं कोण, याची यादी करायला बसलात तर ती फ्लॅटच्या दारांशी संपत नाही. प्रत्येक अर्धवट इमारतीच्या तळाशी विटांवर विटा रचून वर पत्रा टाकलेली एक खोली असते. त्यात राखणदार, त्याची बायको, दोन मुलं. रिकाम्या प्लॉटांवर निळ्या ताडपत्रीच्या रांगा असतात. माणसं यादगीरची, रायचूरची, कलबुर्गीची. मधूनच अक्कलकोटकडची मराठीही कानावर पडते. १९२१च्या तक्त्यात ‘एक खोली किंवा त्याहून कमी’ असं जे सदर होतं, त्यातली ही मंडळी. तक्ता गेला, सदर शिल्लक आहे.

या घरांतल्या बाईला सातवा-आठवा महिना लागला की ती गावी जाते. पहिलटकरीण तर माहेरीच जाणार, आपल्याकडेही तेच. मूल यादगीरला जन्मतं. १९६९च्या कायद्याप्रमाणे जन्म-मृत्यूची नोंद ती घटना जिथं घडली तिथं होते. मूल गेलं तर तेही बहुधा तिकडेच जातं आणि नोंद झाली तर तिकडेच होते. मुंबईच्या वेळी निदान वरचा आकडा तरी शहराच्या माथी बसत होता. इथं जन्मही नाही, मृत्यूही नाही. शून्य भागिले शून्य. शाळेत सांगितलं होतं की याला उत्तर नसतं. दलाल याला ‘प्रीमियम लोकॅलिटी’ म्हणतो.

आता कुणी म्हणेल, बालमृत्यूचा एवढा काय सोस? समाजाचं आरोग्य मोजायला दवाखाने मोजा, डॉक्टर मोजा, विमा मोजा. ही मोजमापं वाईट नाहीत. पण विलायतेतले आरोग्याधिकारी आर्थर न्यूजहोम यांनी १९१० सालीच मांडलं होतं की एखाद्या वस्तीचा कारभार कसा चालला आहे याचा सर्वांत हळवा काटा म्हणजे तिथल्या तान्ह्या मुलांचे मृत्यू. त्यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. पन्नाशीचा गृहस्थ हृदयविकारानं गेला तर आपण लगेच त्याच्या सिगारेटी काढतो, वडापाव काढतो, न चालणं काढतो. वर्षाच्या आतल्या माणसाला स्वतःच्या वाईट सवयी नसतात. त्यानं मद्य घेतलेलं नसतं, जिमची फी भरून दांडी मारलेली नसते. त्याचं जे होतं ते आईच्या अंगातलं रक्त, घरातलं पाणी, बापाची रोजी, दवाखान्याचं अंतर आणि पुरुषांनी घेतलेले निर्णय यांनी होतं. म्हणजे इतरांनी.

देशाचा आकडा बघा. १९७१मध्ये हजार जिवंत जन्मांमागे १२९ मृत्यू होते, २०२३मध्ये २५ उरले. ही कामगिरी मोठी आहे आणि ती तिरकसपणे सांगता येत नाही, म्हणून सरळ सांगितली. त्या वर्षी केरळचा आकडा ५ होता. अमेरिकेचा ५.६. आपल्या लेआउटमधली निम्मी तरुणाई ज्या देशाच्या व्हिसासाठी देव पाण्यात घालून बसली आहे, त्याच्यापेक्षा केरळ बरं. २०२०च्या पाहणीत महाराष्ट्र १६ होता आणि कर्नाटक १९. बेळगावच्या प्रश्नावर दोन्हीकडून इतकी भाषणं होतात, पण हा तीनचा फरक अजून कुणी व्यासपीठावर काढलेला नाही. काढणारही नाही. तीन बाळांसाठी बस कोण अडवतं?

हे आकडे नमुना नोंदणीतून येतात. त्या पाहणीत राज्य कळतं, शहर आणि खेडं वेगळं कळतं, वस्ती कळत नाही. ‘कर्नाटक, शहरी’ या एका ओळीत सेक्टर दोनमधला बंगला आणि त्याच्या मागच्या प्लॉटवरची ताडपत्री शेजारीशेजारी बसून सरासरी होतात. एरवी त्यांना एका बाकावर बसवून दाखवा.

यात एक बारीक गोष्ट आहे, तिथं थोडं थांबतो. २०२०मध्ये देशाचा दर २८ होता. त्यातले २० मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले. मूल दिवस भरायच्या आधी जन्मलं, वजन कमी भरलं, जन्मताना गुदमरलं, जंतुसंसर्ग झाला: मुख्य कारणं ही. यातली बरीचशी बाळ जन्मायच्या आधी ठरतात. आईचं हिमोग्लोबिन किती, लग्न कितव्या वर्षी झालं, आधीच्या मुलात अंतर किती, सहाव्या महिन्यात ती डोक्यावर किती ओझं घेऊन किती मजले चढली. यादगीरच्या गाडीत बसायच्या आधीचे सात महिने ती बाई इथं होती. इथलं पाणी प्यायली, इथली घमेली उचलली, इथल्या टाइल्स पुसल्या. घडवलं एचएसआरनं आणि नोंदवलं यादगीरनं. मग वर्तमानपत्रात बातमी येते की यादगीरकडचा कल्याण कर्नाटक आरोग्यात मागे आहे. आहेच मागे. पण त्यातला थोडा मागासलेपणा आपण इथून बसभाडं न देता पाठवतो.

आपण मराठी माणसांनी तर या विषयाची वाटणी फार पूर्वीच केली आहे. बालमृत्यू म्हटलं की मेळघाट. त्याआधी, १९९२मध्ये, जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी. पाऊस पडला की धारणी-चिखलदऱ्याच्या बातम्या, मंत्र्यांचा दौरा, कुपोषित मुलाबरोबर फोटो. जंगलाचा विषय जंगलात ठेवला की शहराला बरं वाटतं. २००१मध्ये डॉ. अभय बंग आणि काही संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला, तेव्हा आदिवासी आणि ग्रामीण भागांबरोबर शहरातल्या झोपडपट्ट्याही मोजल्या होत्या. सरकारी दप्तरात होते त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू होतात, हे त्यातून दिसलं. मुलं आधीच गेलेली होती. अहवालामुळं फक्त ती कागदावर आली. तरी राग आला तो अहवालाचा.

त्याच बंगांचं गडचिरोलीतलं काम इथं आठवायला हवं, कारण ते एचएसआरच्या भाषेत बसतं: कमी खर्च, मोजता येणारा परिणाम, देशभर नेता येणारं. ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला कोरडं करा, उबेत ठेवा, वजन करा, श्वास मोजा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखा आणि घरीच उपचार द्या. जास्त आकडे मोजता येत नसतील तर श्वास मोजायला मण्यांचं साधन होतं. तिथं नवजात मृत्यूंचा दर हजारी ६२ होता, तो तीन वर्षांत २६च्या आसपास आला. १९९९मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११पासून सरकारनं ही पद्धत देशभर घेतली. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी बेचाळीस दिवसांत आशाताईनं सहा वेळा घरी जाऊन बाळ बघायचं, त्याचे तिला २५० रुपये. हो, सहा भेटींचे मिळून. आपल्याकडे एका कॉफीला तेवढे पडतात आणि तिच्यावर बदामाचं दूध वेगळं.

आता ती आशाताई आपल्या लेआउटमध्ये आली असं समजा. सोसायटीच्या गेटवर तिला विचारतील, कोणता फ्लॅट? अॅपवर मंजुरी आहे का? फ्लॅटमधली बाई म्हणेल, आम्ही खासगी डॉक्टरकडे जातो, थँक यू. ठीक. मग ती ताडपत्रीकडे जाईल. तिथं गेट नाही, पण यादीही नाही. इथलं बाळ गावी जन्मलं, गावच्या आशाच्या वहीत दोन भेटी झाल्या, तेवढ्यात आईला मुकादमाचा फोन आला आणि ती तान्हं मूल घेऊन परत आली. गावची वही म्हणते, इथं राहत नाहीत. इथली वही म्हणते, इथं जन्मले नाहीत. २०२५च्या सप्टेंबरात बेंगळुरूच्या एका महापालिकेच्या पाच महापालिका झाल्या. म्हणजे ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं सांगायला खिडक्याही पाच झाल्या.

गंमत अशी की ताडपत्रीतून फ्लॅटमध्ये कामाला जाणारी बाई कुणाच्याच नोंदीत नाही असं अजिबात नाही. सोसायटीच्या अॅपमध्ये तिचा फोटो आहे, आधार आहे, किती वाजता आली आणि किती वाजता गेली हे मिनिटासकट आहे. पिशवी तपासल्याची खूण आहे. काही ठिकाणी तर तिला तारेही मिळतात, पाचपैकी. ती चौथ्या मजल्यावर बाळाला तेल लावून न्हाऊ घालते. पुण्याच्या आजींना तिचा हात फार आवडतो. तिचं स्वतःचं मूल यादगीरला तिच्या आईकडे आहे, हेही आजींना ठाऊक असतं, कारण आजी विचारतात. अॅप विचारत नाही.

कायदा आहे का? आहे. २०२५च्या नोव्हेंबरपर्यंत लागू असलेला बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा म्हणायचा की जिथं पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला आहेत तिथं मुलांसाठी खोली हवी. लेआउटमधल्या चार मजली इमारतीवर बायका असतात सहा. म्हणजे त्या सहाजणींच्या मुलांना कायद्यानं वाळूच्या ढिगावर बसायची मुभा होती. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कामगारांच्या नावानं जमतो. तो जमतो, याबद्दल कुणाचं दुमत नाही. सरकारी नम्मा क्लिनिक आहे. ते बहुधा दुपारी साडेचारपर्यंत चालतं आणि रोजंदारीवरच्या बाईची सुट्टी त्यानंतर होते. बाळाला खरंच अडचण आली तर १९३५पासूनचं सरकारी वाणी विलास हॉस्पिटल आहे, सिल्क बोर्ड चौकाच्या ट्रॅफिकपलीकडे. सिल्क बोर्डाच्या पलीकडे हे अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, हे इथं राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

आणि कार्ड आहे. कर्नाटकात गरोदर बाईला ‘तायी कार्ड’ मिळतं, म्हणजे आईचं कार्ड. योजना चांगली. नोव्हेंबर २०२२मध्ये तुमकुरूत, बेंगळुरूपासून सत्तर किलोमीटरवर, कळा सुरू झालेल्या एका बाईला जिल्हा रुग्णालयातून परत पाठवलं, कारण तिच्याकडे तायी कार्ड नव्हतं आणि आधारही नव्हतं. ती मूळची तमिळनाडूची, पोटासाठी आलेली. ती घरी गेली. घरीच बाळंत होताना ती आणि तिची जुळी, तिघंही गेली. काही कर्मचारी निलंबित झाले. कार्ड मात्र अजूनही पत्ता विचारूनच देतात, आणि पत्ता म्हणजे ताडपत्रीचा रंग नव्हे.

इथं संख्याशास्त्रवाले हात वर करतील, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. एका लेआउटमध्ये वर्षाला जन्मच इतके थोडे असतात की एक-दोन मृत्यूंनी दर वर-खाली उड्या मारेल. अशा आकड्यावरून वस्तीला नापास करणं अशास्त्रीय आहे. मान्य. मग दर काढू नका. एकेक मृत्यू घ्या आणि का झाला ते विचारा. त्यासाठी नवं काही शोधायला नको. बालमृत्यू अन्वेषणाची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २०१४पासून आहेत: कुठं उशीर झाला, घरी, वाटेत की दवाखान्यात, कुणी परत पाठवलं, पैसे कुणाकडे मागितले. स्टार्टअप बुडालं की याच गावात लोक अगदी असंच बसून भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावतात. बुडालेल्या अॅपचं होतं ते मेलेल्या मुलाचं व्हायला काय हरकत आहे?

आपल्या असोसिएशनची वार्षिक सभा येईलच. विषयपत्रिकेवर भटकी कुत्री असतील, पार्किंग असेल, पिकलबॉलची वेळ असेल. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ आला की उभे राहा आणि तीन गोष्टी मागा. एक, गेटवरच्या अॅपमध्ये ज्यांचे फोटो आहेत त्यांपैकी गरोदर कोण आहे हे वॉर्डाच्या आशाताईला कळावं; अर्थात त्या बाईला आधी विचारून, आणि तिची नोकरी जाणार नाही असं लिहून देऊन. दोन, मागच्या प्लॉटवर इमारत बांधणाऱ्याकडून, बायका सहा असोत की साठ, मुलांसाठी एक सावलीची खोली. तीन, या वॉर्डात राहणाऱ्या कुणाचंही वर्षाच्या आतलं मूल, कुठल्याही जिल्ह्यात गेलं तरी, त्याची चौकशी इथल्या आरोग्य केंद्रानं करावी, असं आपल्या महापालिकेला पत्र. पत्राचा मसुदा मराठीत चालणार नाही. कन्नड येणारा शेजारी गाठा. तो सापडला नाही तर राखणदाराला विचारा, त्याला येतं.